जाळीवाले रघुअण्णा

रघुअण्णांची आणि माझी पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. माझ्या हातात ऑफिसच्या खुर्चीचं सुटं चाक होतं. त्यांनी चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खिशातून फोन काढला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "अक्का, तुम्हाला कुठं ठेवू?"

मी तापट बाई आहे. कौतुकानं सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. अनोळखी माणसानं लिफ्टमध्ये असं विचारल्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राग नको. तुम्ही मला परत कधी लागाल ते कळायला पाहिजे की. त्या शब्दाखाली ठेवतो."

मग लक्षात आलं, ते फोनमध्ये माझी नोंद करत होते. नाव, फ्लॅट नंबर, आणि शेवटच्या ओळीत टॅग. अडलं होतं ते टॅगवर.

"जुन्या ऑफिस फर्निचरचा धंदा आहे माझा," मी म्हटलं. "उद्योजिका म्हणून ठेवा."

"तो शब्द मला घाईत आठवायचा नाही."

"मग फर्निचर ठेवा."

"फर्निचर म्हटल्यावर माझ्याकडं सुतार येतो, पॉलिशवाला येतो, ढेकणांचं औषध पण येतं. तुम्ही कधी लागाल? खुर्ची मोडल्यावर. सरी. जाळी खुर्ची."

आणि त्यांचा मजला आला तसे ते निघूनही गेले. बंद पडलेल्या कंपन्यांची टेबलं मी निम्म्याच्या निम्म्या भावात उचलते. मारतहळ्ळीतली भलीभली मॅनेजर पोरं माझ्यापुढे घाम पुसतात. आणि इथे एका शब्दाचा सौदा मी उभ्या उभ्या हरले.

जाळी म्हणजे आडव्या दोन आणि उभ्या दोन रेघांचं ते चिन्ह. सगळं जग त्याला हॅश म्हणतं. रघुअण्णांना ते जे. पी. नगरमधल्या त्यांच्या जुन्या घराच्या खिडकीसारखं दिसतं, म्हणून जाळी. फोनमध्ये लिहून भागत नाही, बोलतानाही ती लागते. माझ्याकडे पहिल्यांदा चहा प्यायल्यावर कप खाली ठेवत म्हणाले, "छान होता. जाळी आलं-जास्त." वॉचमन सुट्टीवरून परतला की म्हणायचे, "आलास? बरं झालं. जाळी गेट." तो बिचारा गेटकडे धावायचा.

त्यांचं घराणं इकडे कन्नड मुलखात इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की मूळ गाव कोणतं यावर घरात दोन पक्ष होते. त्यामुळे त्यांचं मराठी आमच्या इचलकरंजीच्या मराठीपेक्षा जुनं, आणि मध्ये मध्ये कन्नडचे खडे. 'जरा'ला स्वल्प, 'बरं'ला सरी. बाई लहान असो की मोठी, अक्का. नोकरी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिण्याची होती. लग्न केलं नाही. बहीण बरोबर राहायची, ती मुलाकडे म्हैसूरला गेली. मग चौथ्या मजल्यावर ते, एक संगणक आणि त्यांच्या नोंदी.

नोंदी सगळ्या साध्या मजकुरात. नुसती अक्षरं. रंग नाही, ठळक नाही, चित्र नाही. आयुष्यात त्यांनी किती तरी सॉफ्टवेअरमध्ये टिपणं ठेवली, आणि दर वेळी ते सॉफ्टवेअर बंद पडताना टिपणंही घेऊन गेलं. "आता ही फाईल कुठल्याही डब्यात उघडते," ते सांगायचे. "मी गेल्यावर पण उघडेल." कोण उघडणार, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. मी नेहमीच बोलते असं नाही.

आमच्या सोसायटीत पुण्यामुंबईहून आलेली बरीच आयटीतली मुलं आहेत. त्यातला एक जण मोठ्या हौसेनं त्यांना आपलं नोंदींचं ॲप दाखवायला गेला. रंगीबेरंगी, फिरतं, डोळे दिपवणारं.

"काका, मी प्रत्येक नोटला दहा तरी टॅग लावतो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग लावले कशाला? सगळ्या घरांना एकच रंग दिला तर पोस्टमननं काय करायचं?"

मुलगा हसला. रघुअण्णा हसले नाहीत. त्यांनी त्याला बसवलं आणि शिकवलं, आणि मी तिथेच असल्यामुळे फुकटात मीही शिकले. समजा, स्वयंपाकघरातला नळ गळतोय अशी नोंद केली. बहुतेक लोक तिला 'नळ' असा टॅग लावतील. रघुअण्णा म्हणतात, नळ हा शब्द नोंदीत आहेच, शोधला की सापडणार, त्यासाठी टॅग वाया घालवू नये. ही नोंद तुम्हाला हवी कधी असते? प्लंबर दारात उभा असतो आणि त्याला आणखी काय काय दाखवायचं ते आठवत नसतं तेव्हा. म्हणून टॅग 'प्लंबर'. मग नळ, गच्चीवरची टाकी, बाथरूममधला वास, तिन्ही नोंदी एका हाकेला हजर. टॅग नोंदीत काय आहे ते सांगत नाही, तुम्ही ती शोधाल तेव्हा कुठे उभे असाल ते सांगतो. एका नोंदीला दोन, फार तर तीन. आणि एकदा ठरवलेला शब्द बदलायचा नाही. एकदा 'डॉक्टर' आणि एकदा 'दवाखाना' लिहिलं की आजारी माणूस दोन घरांत वाटला गेला.

"एवढं कशाला, काका? लक्षात राहतं की," मुलगा म्हणाला.

"आठवणीचं काही खरं नाही," रघुअण्णा म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. वीजबिलापासून नात्यागोत्यापर्यंत सगळीकडे चालायचं. स्वतःच्या जन्मतारखेबद्दल विचारलं तरी आधी फोन बघायचे.

मी पक्की धंदेवाली. फुकट मिळालेली गोष्ट त्याच आठवड्यात वापरून टाकली. के. आर. पुरमला माझं गोदाम आहे. तिथल्या मालाची यादी मी फोनवर ठेवायचे: काळी, निळी, चाकाची, बिनचाकाची. रघुअण्णा एका रविवारी संगणकासाठी खुर्ची बघायला आले आणि ती यादी बघून त्यांना खरोखर त्रास झाला.

"गिऱ्हाईक येऊन निळी मागतंय काय, अक्का?"

"नाही. पाठ दुखते म्हणतं."

"मग जाळी पाठ. आणि?"

"आणि नवरा-बायको दोघं घरून काम करतात, जागा नाही म्हणतात."

"जाळी लहान-खोली."

तेव्हापासून माझ्या यादीत पाठ आहे, लहान-खोली आहे, साहेब आहे, आणि सासरे-येणार असाही एक आहे. गिऱ्हाईक तोंड उघडतं तोवर माझा माणूस बरोबर ती खुर्ची पुढे ढकलतो. खप वाढला. याबद्दल मी रघुअण्णांचे आभार मानलेले नाहीत, कारण त्या दिवशी त्यांनी खुर्ची घेतलीच नाही. संध्याकाळपर्यंत बसून सगळ्या बघितल्या आणि म्हणाले, "घरची चालतेय अजून."

पुढच्या रविवारी परत आले, आणि मग येतच राहिले. मी सकाळी टेम्पोतून निघाले की ते गेटपाशी डबा घेऊन उभे. डब्यात चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात. गोदामात एखाद्या खुर्चीत बसायचे, मी भाव करताना बघायचे आणि गिऱ्हाईक गेल्यावर मान हलवायचे. "त्याला आधी जाऊ दिलंत, मग हाक मारलीत. स्वल्प उशिरा मारली असती तर गेला असता." माझ्या धंद्याकडे एवढं लक्ष देऊन कोणी पाहिलं नव्हतं. माझा नवरा आयटीतला, भला माणूस आहे, पण मी भाव करायला लागले की तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहतो.

इतकं सगळं सांगितल्यावर आता माझं गाऱ्हाणं सांगते, कारण ते अजून मिटलेलं नाही.

आमच्या इमारतीच्या तळघरात लिफ्टमागे एक कोपरा आहे. तिथे कुणाची गाडी लागत नाही, मांजर सोडून कुणी जात नाही. मी तिथे थोड्या खुर्च्या ठेवत असे. पुढे सोसायटीच्या सभेत कुणीतरी कुरकुर केली. मी उठले आणि सांगितलं, या कोपऱ्याची मला परवानगी आहे, आणि मुदत अशी काही ठरलेली नव्हती. आवाज चढवला की सभेतले लोक मुद्दा सोडतात, हा माझा अनुभव. सोडतच होते. तेवढ्यात चिटणीस म्हणून कोपऱ्यात बसलेल्या रघुअण्णांनी दोन बोटांनी काहीतरी टाईप केलं आणि वाचून दाखवलं. "अक्का म्हणाल्या, पावसाळा संपेपर्यंत ठेवते, मग उचलते. जाळी तळघर."

सभा हसली. कोपरा गेला.

कोपऱ्याचं दुःख मी सहन केलं असतं. पण भाव करणाऱ्या माणसाचं पोट कशावर चालतं, ते समजून घ्या. समोरच्याला कालचं नीट आठवत नाही, यावर. मी हजार म्हटलं होतं की नऊशे, यात जी धूसर जागा असते तिच्यात मी घर बांधलंय. आणि हा माणूस सगळं लिहून ठेवतो. मला आठवले ते सगळे रविवार. गोदामात त्याच्यासमोर मी काय काय बोलले असेन. कुठल्या गिऱ्हाइकाला कसं गुंडाळलं, नवऱ्याविषयी काय म्हणाले, सासूविषयी काय म्हणाले. चित्रान्न खात हा सगळं टिपून घेत होता, आणि मी याला माझा माणूस समजत होते.

मी बोलणं टाकलं. रविवारी गेटपाशी ते उभे दिसले तरी टेम्पो थांबवला नाही. काही रविवार उभे राहिले, मग दिसेनासे झाले. लिफ्टमध्ये भेटलो तर मी छताकडे बघायचे. बरेच महिने हे असं चाललं आणि माझ्या बाजूनं ते कायम चाललं असतं.

पण गोदामाचे मालक मुनिराजू एके दिवशी म्हणाले, जागा सोडा, जावयाला तिथे जिम काढायची आहे.

आमच्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. कागदावर अकरा महिने, खरं काय ते तोंडी. गोदामाचं छप्पर गळत होतं तेव्हा मुनिराजूंनी मला सांगितलं होतं, पत्रे तुमच्या खर्चानं बदला, पाच वर्षं तुम्हाला उठवणार नाही. मी पत्रे बदलले. आता तीन वर्षं झाली, आणि मुनिराजू शांतपणे म्हणत होते, "मी तीन म्हणालो होतो, मॅडम." कदाचित त्यांना खरंच तसं वाटत असेल. धूसर जागेत घर बांधता येतं हे काही मला एकटीलाच ठाऊक नाही.

ते गोदाम गेलं असतं तर मी संपले असते. इतका माल उचलून ठेवायला त्या भाड्यात दुसरी जागा के. आर. पुरममध्ये काय, होसकोट्यापर्यंत नाही. आणि मुनिराजू पाच म्हणाले तेव्हा तिथे तिसरं माणूस एकच होतं.

मी चौथ्या मजल्यावर गेले. बेल वाजवली. रघुअण्णांनी दार उघडलं, मला बघून दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "या की."

मी बसले नाही. "मुनिराजू पाच वर्षं म्हणाले होते. पत्र्यांच्या वेळी. तुम्ही होता. शोधा."

ते लगेच संगणकापाशी गेले. मुनिराजू टाकलं. काही नाही. पत्रे, गोदाम, भाडे. नाही. माझं नाव टाकलं, तर तीनच नोंदी आल्या: लिफ्टमधली खुर्ची, आल्याचा चहा आणि तळघर. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत खुर्चीपासून सुरुवात केली.

माझा तोल गेला. "माझ्या विरुद्धचं एका क्षणात सापडतं. माझ्या कामाचं असलं की तुमची जाळी फाटते काय हो?"

"तसं नाही, अक्का."

"मग कसं? एवढे रविवार माझ्या डोक्याशी बसून काय टिपत होता?"

त्यांनी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "रविवारचं काहीच नाहीय," ते म्हणाले. "लिहीत नव्हतो."

"का?"

"सुचलंच नाही. तिथं आलो की फोन खिशातनं काढायचं लक्षातच यायचं नाही. बसायचो आपलं." मग एकदम अपराध्यासारखं, "एक ओळ लिहिली असती तर आज तुमचं काम झालं असतं. सवय मोडली बघा तिथं."

मला भांडायचं होतं, आणि भांडायला काहीच उरलं नव्हतं. इतकी चीड मला क्वचित आली असेल. मी दाराकडे वळले.

"मुनिराजूंकडं मी येऊ?" ते मागून म्हणाले.

"काय घेऊन येणार? कागद कुठे आहे?"

"आठवतंय मला."

मी वळून बघितलं. ते चप्पल शोधत होते.

तो दिवसही रविवारच होता. मुनिराजू घरासमोर ओट्यावर पेपर वाचत होते. माझं कन्नड गोदामापुरतं, भाव करण्याइतकं. रघुअण्णांचं घरचं. त्यांनी आधी प्रकृती विचारली, मग मुलीची, मग जावयाची. मला घाई झाली होती. शेवटी ते म्हणाले, "पत्र्यांचं बोलणं झालं तेव्हा मी होतो. तुम्ही पाच म्हणालात."

"लिहिलंय का कुठं?"

"नाही."

मुनिराजूंनी पेपर झटकला. "मग झालं तर. मला तीन आठवतंय, तुम्हाला पाच आठवतंय."

मी तोंड उघडलं. रघुअण्णांनी हात आडवा केला, माझ्याकडे न बघता.

"तुम्ही त्या मोठ्या काळ्या खुर्चीत बसला होता. चामड्याची, साहेबाची. तिचा उंचीचा दांडा सैल होता. अक्का म्हणाल्या, पाच वर्षं द्या. तुम्ही चार बोटं दाखवलीत. अक्का म्हणाल्या, मग पत्रे पण चारच बदलते, पाचव्याखाली तुम्ही बसा. तुम्ही हसलात, मागं रेललात, 'ऐदु', पाच, म्हणालात, आणि तेवढ्यात खुर्ची खाली गेली. तुम्ही माझा खांदा धरलात. हा, डावा. शर्टाचं बटण तुटलं माझं, आपण तिघांनी शोधलं, ते तुमच्या चपलेखाली होतं."

मुनिराजूंनी पेपर खाली ठेवला. मग त्यांचा हात आपोआप कमरेकडे गेला.

"आठवडाभर दुखत होती," ते म्हणाले. "बायको तेल लावायची आणि विचारायची, चांगल्याभल्या घरच्या खुर्च्या सोडून तिथे कशाला बसलात."

"पाच," रघुअण्णा म्हणाले.

"पाच," मुनिराजू म्हणाले. "जावयाला मी सांगतो. त्याला तसंही स्वल्प थांबायला हरकत नाही, व्यायाम तो स्वतः करत नाही."

समोरचा माणूस हसला की लगेच पुढचं मागायचं, हा माझा नियम. मी म्हटलं, "आणि मध्ये एवढा मनस्ताप झाला त्याचं सहावं वर्ष."

"अक्का," रघुअण्णा म्हणाले, "पाच म्हणाले होते."

मुनिराजू खूश झाले. म्हणजे एक तळघराचा कोपरा आणि एक सहावं वर्ष, अशी माझी दोन नुकसानं या माणसाच्या नावावर आहेत. मी ती सोडलेली नाहीत.

तिथून गोदाम जवळच. शटर उघडायला उशीर झाला होता आणि दोन गिऱ्हाइकं बाहेर ताटकळत होती. रघुअण्णा आत आले, थोडे घुटमळले. मग ते हळूच म्हणाले, "चुकीचं आठवलं असतं तर काय हो केलं असतं? ते 'नाही' म्हणाले असते तर मी काय दाखवणार होतो?" मी गिऱ्हाइकांना आत घेतलं. ते एका खुर्चीत बसले.

दुपारी एक नवरा-बायको आले. त्या मुलाला आतली एकही खुर्ची पसंत पडेना. त्याची नजर रघुअण्णांच्या खुर्चीवर गेली. "मावशी, ती केवढ्याला? अंकल बसलेत ती."

रघुअण्णा उठायला लागले. विकत घेणाऱ्यासाठी उठायची त्यांची रीतच होती.

मी किंमत सांगितली. मुलानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आणि दोघं मुकाट्यानं भिंतीजवळच्या खुर्च्यांकडे वळले.

"अक्का, फारच जास्त सांगितलंत," रघुअण्णा हळूच म्हणाले. "त्यात नव्या दोन येतील."

"माल माझा, भाव माझा," मी म्हटलं. "तुम्ही बसा."